दिवसाला ९१ रुपये : नाशिकच्या एका खटल्यातील भरपाईचा हिशोब

नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ साली सहा जणांना फाशी सुनावली. गुन्हा जून २००३ चा होता. एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला, पाच जणांचे खून झाले, बलात्कारही झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २००९ ला पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्याच न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये तो निकाल मागे घेतला आणि ५ मार्च २०१९ ला सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्येकाला महाराष्ट्र शासनाने ५ लाख रुपये द्यावेत, असा आदेशही त्याच निकालात दिला.

पूर्ण १५ वर्षे आत काढलेल्या माणसासाठी हा हिशोब मांडला तर ५,४७५ दिवस होतात आणि रोजचे ९१ रुपये पडतात. त्यातली जवळपास दहा वर्षे फाशीची टांगती तलवार डोक्यावर होती, ती वेगळी मोजलेली नाहीत. रकमेकडे पाहून हळहळणे सोपे आहे. पण या प्रकरणात खरा विचारण्याजोगा प्रश्न उलटा आहे. निर्दोष सुटलेल्या बहुतेकांना एक पैसाही मिळत नाही, मग या सहा जणांना पाच लाख तरी का मिळाले? याचे उत्तर निकालपत्रात आहे. आज कोणाला अशी मागणी करायची असेल तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

तपासात काय बिनसले

हल्ल्यातून वाचलेली एक महिला या खटल्यातली महत्त्वाची साक्षीदार होती. घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांकडच्या सराईत गुन्हेगारांच्या फोटो अल्बममधून तिने चार जणांना ओळखले. ते चौघे या सहांपैकी नव्हते. त्या चौघांचे पुढे काय झाले? त्यांना अटक झाली नाही, त्यांच्याविरुद्ध तपासही झाला नाही. नंतर वेगळ्याच सहा जणांना धरण्यात आले. ते भटक्या जमातीतले मजूर होते, आणि ओळख परेडीत त्यांना ओळखल्याचे दाखवण्यात आले.

ओळख परेडीचे एक साधे गणित आहे. साक्षीदाराने आधी दुसऱ्याच कोणाला ओळखले असेल, तर नंतरच्या परेडीची किंमत जवळजवळ शून्य होते. मधल्या काळात पोलीस ठाण्यात आरोपी दिसला असेल, वर्तमानपत्रात फोटो आला असेल किंवा दिवस बरेच गेले असतील, तर ती आणखी घसरते. इथे पहिली ओळख कागदावर होती. आधीच्या तिन्ही पायऱ्यांवर ती सर्वांच्या समोर होती, पण तिचे वजन २०१९ मध्येच केले गेले. खऱ्या गुन्हेगारांना मोकळे सोडून या गरिबांना गोवले गेले, असे न्यायालयाने स्पष्ट शब्दांत नोंदवले. जबाबदार अधिकारी शोधून, ते अजून सेवेत असतील तर त्यांच्यावर कारवाई करावी, असे गृहविभागाला सांगितले.

यात आणखी एक धागा आहे. सहांपैकी एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असल्याचे पुढे चौकशीत निष्पन्न झाले. २००० सालच्या बाल न्याय कायद्यानुसार, गुन्हा सिद्ध झाला असता तरी त्याला विशेष गृहात जास्तीत जास्त ३ वर्षे ठेवता आले असते. फाशी तर देताच आली नसती. वयाचा मुद्दा खटल्याच्या पहिल्या महिन्यात शाळेच्या दाखल्यावर मिटायला हवा. पण वस्ती हलती असेल तर दाखला कुठून आणायचा? अशा वेळी क्रम ठरलेला आहे : शाळेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायत किंवा पालिकेची जन्मनोंद, तीही नसेल तर वैद्यकीय मंडळाची हाडांची तपासणी. वयाचा मुद्दा खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर, अगदी शेवटच्या अपिलानंतरही काढता येतो. असे असून तो वेळेवर काढला जात नाही, कारण पहिल्या रिमांडला सोबत वकीलच नसतो.

‘निर्दोष’ या शब्दाचे दोन अर्थ

निकालाच्या शेवटी ‘आरोपीस निर्दोष मुक्त करण्यात येते’ असे वाक्य असते. त्याच्या आधी काय लिहिले आहे, यावर भरपाईची सारी भिस्त असते. ‘संशयाचा फायदा देऊन’ असे असेल, पंच फितूर झाले असतील, साक्षीदार उलटले असतील, तर सरकारी पक्ष लगेच म्हणतो : तपास प्रामाणिक होता, पुरावा कमी पडला, यात शासनाची चूक कोणती? हा युक्तिवाद बहुतेक वेळा टिकतो.

याउलट ‘खोटे गोवले’, ‘हेतुपुरस्सर पुरावा दडवला’, ‘अटक बेकायदा होती’ असे निष्कर्ष निकालपत्रात असतील तर दावा उभा राहतो. नाशिकच्या प्रकरणात ते होते. म्हणून बचावाच्या वकिलाने अंतिम युक्तिवादात फक्त ‘पुरावा अपुरा’ म्हणून थांबू नये. तपास अधिकाऱ्याच्या उलटतपासणीतच त्या चार फोटोंसारख्या गोष्टी तारखेसह काढाव्यात आणि न्यायाधीशांनी त्यावर स्वतंत्र निष्कर्ष द्यावा असा लेखी युक्तिवाद द्यावा. सुटका झाली की वकील आणि घरचे दोघेही थकलेले असतात, मग निकालपत्रात काय लिहिले आहे ते कोणी वाचत नाही. भरपाई तिथेच निम्मी हातची जाते.

निष्कर्ष असूनही पैसे मिळतीलच असे नाही. गुजरातच्या अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये आरोपींना सोडताना तपासावर कडक ताशेरे ओढले होते. तरी भरपाईची याचिका २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने स्वीकारली नाही, तो घातक पायंडा पडेल म्हणाले. नाशिकच्या सहा जणांना रक्कम मिळाली ती संविधानाच्या अनुच्छेद १४२ खाली, म्हणजे पूर्ण न्यायासाठी लागेल तो आदेश देण्याच्या अधिकारातून. हा अधिकार एकट्या सर्वोच्च न्यायालयाचा आहे. नाशिकच्या सत्र न्यायाधीशांना तो नाही आणि मुंबई उच्च न्यायालयालाही नाही. त्यामुळे ‘त्यांना मिळाले, मग आम्हालाही द्या’ एवढ्यावर दावा चालत नाही. त्यासाठी स्वतंत्र रस्ता धरावा लागतो.

रकमा कशा ठरल्या

बिहारमधले रुदल शाह यांचे प्रकरण या विषयाचे मूळ मानले जाते. १९६८ मध्ये निर्दोष सुटूनही ते १९८२ पर्यंत तुरुंगातच राहिले. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहार शासनाने आधी दिलेल्या ५ हजारांवर आणखी ३० हजार द्यायला लावले, असे एकूण ३५ हजार रुपये झाले. १४ वर्षांचे ३५ हजार म्हणजे दिवसाला सात रुपयेही नाहीत. १९८५ मध्ये जम्मू-काश्मीरचे आमदार भीम सिंह यांना बेकायदा अटकेबद्दल ५० हजार मिळाले. ते काही दिवसच आत होते. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ मध्ये अटक झाली. सुमारे ५० दिवस कोठडीत गेले आणि २०१८ मध्ये त्यांना ५० लाख मंजूर झाले. म्हणजे दिवसाला एक लाख.

एकाला दिवसाचे एक लाख, दुसऱ्याला ९१ रुपये. यात सूत्र शोधायला जाऊ नये, कारण सूत्र नाहीच. आत गेलेल्याची प्रतिष्ठा मोजली गेली, त्याची मजुरी मोजली गेली नाही. नाशिकच्या खटल्यातल्या सहा जणांकडे ‘गमावलेली कारकीर्द’ म्हणून दाखवायला वेतनचिठ्ठी नव्हती.

जर्मनीत २०२० पासून चुकीच्या कैदेच्या प्रत्येक दिवसाला ७५ युरो ठरलेले आहेत. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात वर्षाला ५० हजार डॉलरपर्यंत आणि फाशीच्या कोठडीतल्या वर्षासाठी एक लाख डॉलरपर्यंत तरतूद आहे. आपल्याकडे मोटार अपघातात पाय गेला तर वय, उत्पन्न आणि गुणक (वर्षाच्या उत्पन्नाला कितीने गुणायचे तो आकडा) यांचे कोष्टक आहे. २६ ते ३० वयाला गुणक १७, ३१ ते ३५ ला १६, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ठरवून दिले. तुरुंगात गेलेल्या वर्षांसाठी असे कोष्टक नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ च्या २७७व्या अहवालात चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी कायदा आणि विशेष न्यायालये सुचवली. त्यात आर्थिक नुकसान, मानसिक व कौटुंबिक नुकसान, समुपदेशन आणि कामाचे प्रशिक्षण अशी सगळी कलमे होती. १ जुलै २०२४ ला नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तेव्हा हे सारे बाहेरच राहिले. आत आले ते जुनेच कलम, आता क्रमांक ३९९ : विनाकारण अटक करवणाऱ्याने अटक झालेल्याला एक हजार रुपयांपर्यंत द्यावेत. हे हजार रुपये पोलीस देत नाहीत, ज्याने तक्रार करून अटक करवली तो देतो. याला भरपाई म्हणायला जीभ रेटत नाही.

आज नाशिकमध्ये कोणी सुटला तर

समजा, सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात कंत्राटी काम करणारा एकजण चार वर्षे नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात राहिला आणि आता सत्र न्यायालयाने त्याला सोडले. सुटलेल्या माणसापुढे एकूण चार दारे असतात, त्यांतले शेवटचे याच्या उपयोगाचे नाही, आणि प्रत्येकाची मुदत वेगळी आहे.

पहिले दार दिवाणी दाव्याचे. इथे सर्वांत जास्त माणसे मुदतीत अडकतात. मुदत कायद्याच्या अनुच्छेद ७३ नुसार बेकायदा कैदेबद्दलचा दावा कैद संपल्यापासून एक वर्षात, आणि अनुच्छेद ७४ नुसार द्वेषमूलक खटल्याबद्दलचा दावा निर्दोष सुटल्यापासून एक वर्षात दाखल व्हायला हवा. फरक बारीक पण घातक आहे. एखाद्याला ९० दिवसांनी जामीन मिळाला आणि खटला पुढे सहा वर्षे चालला, तर पहिल्या प्रकारच्या दाव्याची मुदत खटला चालू असतानाच संपलेली असते. दुसऱ्या प्रकारात मुदत उरते, पण तिथे चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : खटला प्रतिवादीने चालवला, तो आपल्या बाजूने संपला, त्याला वाजवी कारण नव्हते आणि त्यामागे द्वेष होता. चौथी सिद्ध करतानाच दम निघतो.

शासनाविरुद्ध दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. ती जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा शासनाच्या सचिवांकडे द्यायची आणि पोच घ्यायची. हे दोन महिने मुदतीतून वगळले जातात. पोलीस अधिकाऱ्याला व्यक्तिशः प्रतिवादी करायचे तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मधली सहा महिन्यांची अट आणि वेगळी एक महिन्याची नोटीस आडवी येते. कर्तव्याच्या आवरणाखाली केलेल्या कृत्यांना ती लागू होते. ‘हे कर्तव्य होतेच कुठे’ हा वाद मग वर्षानुवर्षे चालतो. आणि शासन १९६५ च्या कस्तुरीलाल निकालाचा आधार घेऊन सार्वभौम कृत्याचा बचाव घेते (अटकेसारखी सत्तेची कामे करताना झालेल्या चुकीला शासन जबाबदार नाही, हा बचाव), तो वेगळाच.

दुसरे दार मुंबई उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिकेचे, म्हणजे हक्कभंगाविरुद्ध थेट उच्च न्यायालयाकडे दाद मागण्याचे. नाशिक जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाकडे आहे, छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे नाही. मूलभूत हक्काचा भंग असेल तर सार्वभौमत्वाचा बचाव चालत नाही, हे १९९३ च्या नीलाबती बेहरा निकालाने पक्के केले. म्हणून हा रस्ता दिवाणी दाव्यापेक्षा सरळ आहे. ठरीव मुदत नाही, पण उशिराचे कारण द्यावे लागते. अडचण एकच : वादग्रस्त वस्तुस्थिती तपासायला रिट न्यायालय बसत नाही. साक्षीपुरावा घेऊन ठरवावे लागेल असे काही असेल तर ‘दिवाणी न्यायालयात जा’ म्हणून परत पाठवतात. तेव्हा याचिकेत फक्त न्यायालयाच्या आणि पोलिसांच्याच कागदावर दिसणाऱ्या गोष्टी ठेवाव्यात. निकालपत्रातले ताशेरे, रिमांडचा आदेश, अटकेची वेळ, २४ तासांत हजर न केल्याची नोंद. मारहाणीचे वर्णन खरे असले तरी वैद्यकीय कागद नसेल तर त्याला याचिकेचा कणा करू नये.

तिसरे दार राज्य मानवी हक्क आयोगाचे. वकील लागत नाही, फी नाही. पण घटनेपासून एक वर्षाच्या आत जावे लागते, आणि आयोग शिफारस करतो, हुकूमनामा देत नाही. अल्प काळाच्या बेकायदा अटकेला हे दार उपयोगी, चार वर्षांच्या कैदेला अपुरे.

चौथे दार दंडाधिकाऱ्यांकडच्या खटल्यांपुरते. नव्या संहितेच्या कलम २७३ नुसार आरोप बिनबुडाचा होता असे दिसले तर निकालाच्या वेळीच तक्रारदाराला कारण विचारून भरपाई लावता येते. मागणी निकालाच्या दिवशीच करायची असते. सत्र खटल्यात हे दार नाही.

कागद केव्हापासून जमवायचे

अटकेच्या दिवसापासून. सुटल्यावर शोधायला गेले तर निम्मे हाती लागत नाहीत. पोलीस ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रण १८ महिने ठेवायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले. तेवढी सोय नसेल तरी एक वर्षापेक्षा कमी नाही. खटला चार वर्षे चालतो, म्हणजे चित्रण पुसले जाणार हे उघड आहे. पहिल्याच रिमांडला दंडाधिकाऱ्यांकडे ते जतन करण्याचा लेखी अर्ज द्यावा. अर्ज फेटाळला तरी तो रोजनाम्यात राहतो. मोबाइलच्या कॉल नोंदी कंपन्यांकडे दोन वर्षे असतात. घटनेच्या वेळी आरोपी पिंपळगावच्या द्राक्षबागेत छाटणीला होता हे टॉवरवरून दाखवायचे असेल तर त्या दोन वर्षांत न्यायालयामार्फत मागवाव्या लागतात. केस डायरी मात्र आरोपीला मिळत नाही, तिच्या मागे लागून वेळ घालवू नये.

पीसीआर (पोलीस कोठडी) किती दिवस, एमसीआर (न्यायालयीन कोठडी) कधी, जामीन केव्हा, प्रत्यक्ष सुटका केव्हा, या तारखा वेगवेगळ्या असतात. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्याने काही आठवडे आत राहावे लागते. दिवसांचा नेमका आकडा कारागृह अधीक्षकांच्या दाखल्यावरच धरावा. निकालाच्या साक्षांकित प्रतीसाठी नक्कल विभागात त्याच दिवशी अर्ज टाकावा.

उत्पन्नाचा पुरावा हा सर्वांत कच्चा दुवा. कंत्राटी कामगाराकडे नेमणूकपत्र नसते, पण भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकात वर्गणी कोणत्या महिन्यात थांबली ते दिसते आणि त्यावरून पगारही निघतो. ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) नोंद असेल तर आणखी बरे. शेतमजुरासाठी मुकादमाची हजेरीवही, शेतकऱ्यासाठी बाजार समितीच्या पट्ट्या. यातले काहीच नसेल तर त्या त्या वर्षांच्या किमान वेतनाची शासकीय अधिसूचना जोडून तोच दर धरण्याची मागणी करावी. नाशिकच्या सहा जणांबाबत असा हिशोब मांडला गेला असता तर पाच लाखांच्या पुढे आकडा सहज गेला असता. वकिलाची फी बहुधा रोख दिलेली असते आणि पावती नसते. पण ती भागवायला केलेले गहाणखत, सोसायटीचे कर्ज, सोने तारणाची पावती, हे कागद असतात, तेच लावावेत.

मोफत वकिलाबाबत एक अडचण आधीच ओळखून ठेवावी. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता विधी सेवा मिळते. तो सुटला की हे कारण संपते. अनुसूचित जाती-जमातींना ती उत्पन्न न पाहता पुढेही मिळते, पण वडारांसारख्या विमुक्त-भटक्या जमाती महाराष्ट्रात त्या यादीत नाहीत. त्यांना उत्पन्नाचा दाखला काढावा लागतो. तो तहसील कार्यालयातून काढायला रहिवासाचा पुरावा लागतो, आणि चार वर्षांत शिधापत्रिकेवरून नाव गेलेले असते. म्हणून भरपाईच्या कामासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज सुटण्याआधी, कारागृहातूनच दिलेला बरा.

पैसे हातात येताना

२०१९ च्या आदेशात एक चांगली गोष्ट होती. रक्कम चार आठवड्यांत सत्र न्यायालयात जमा करायची आणि ती पुनर्वसनासाठीच वापरली जाते का, यावर सत्र न्यायालयाने लक्ष ठेवायचे. रक्कम थेट दिली असती तर घेणेकरी दारात उभे राहिले असते. पण न्यायालयातून पैसे काढायला ओळखपत्र आणि बँक खाते लागते. २००३ मध्ये आत गेलेल्या माणसाने आधार कार्ड पाहिलेलेच नसते. देशातले पहिले आधार सप्टेंबर २०१० मध्ये नाशिक विभागातल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीला दिले गेले, तेव्हा हे आरोपी फाशीच्या शिक्षेखाली होते.

व्यवहारात क्रम असा ठेवावा लागतो : कारागृहाचा सुटकेचा दाखला आणि निकालाची प्रत घेऊन आधार, मग शून्य शिल्लकीचे खाते, मग सत्र न्यायालयात रक्कम काढण्याचा अर्ज. त्याच अर्जासोबत जप्त मुद्देमालाचाही अर्ज करावा. अटकेच्या वेळी घेतलेला मोबाइल, दुचाकी, अंगावरची रोकड यांचे काय करायचे ते निकालाच्या शेवटच्या परिच्छेदात असते. ‘अपिलाची मुदत संपल्यावर परत करावे’ असे असेल तर ती तारीख वहीत लिहून ठेवावी. दुचाकी तोवर ठाण्याच्या आवारात गंजून गेलेली असते, पण तिचा जप्ती पंचनामा आणि त्यातले वर्णन भरपाईच्या नुकसानीत धरता येते.